टाका क्रमांक एक्केचाळीस

अमावास्येला खाडी तीन तास उसनी मिळते.
पहाटे साडेचारला जैतापूरच्या धक्क्याखालून
बॅटरी घेऊन चिखलात उतरायचं, मांडीपर्यंत,
आणि साडेसातला पाणी आपलं मागायला आलं
की पट्टी, दोरा, पेन्सिली गोळा करून
मुकाट मागे सरायचं.

वाळू उपसणाऱ्या पंपाला ती अडकली होती.
सुदाम तारीनं आधी शिवी घातली,
मग फळीला हात लावला
आणि पंप बंद केला.
त्याचा तो दिवस बुडाला.
अहवालात ही नोंद नाही.

मी फळ्या काढते. म्हणजे कागदावर,
एकास दहा प्रमाणात.
ओलं गोणपाट उचलायचं, मोजायचं, पुन्हा झाकायचं;
इतकी वर्षं पाणी प्यालेलं लाकूड
एका दुपारच्या वाऱ्यानं तडकतं.

खिळा एकही नाही.
कडेनं जोडीजोडीनं भोकं,
भोकांत काथ्या, काथ्यावर काळी पडलेली राळ.
शिवलेली नाव.
लोखंड ठाऊक होतं त्यांना,
कोयते होते, गळ होते.
तरी शिवली,
कारण लाटेला ठाम नाही म्हणणारी नाव मोडते
आणि शिवण थोडंसं हो म्हणते.

तळाशी नीरम: एकवीस गोटे.
जांभा नाही, काळवत्री नाही,
आमच्या कुठल्याच नदीनं घासलेले नाहीत.
कुठल्या तरी किनाऱ्यावर माल उतरल्यावर
हलकं झालेलं पोट जड करायला
कुणीतरी ते वाकून वाकून उचलले असतील,
एक हात कमरेवर,
घरी निघायची घाई.

नमुने प्रयोगशाळेत गेलेत.
‘काळ’ या रकान्यात मी सध्या
पेन्सिलीची रेघ ओढून ठेवली आहे.

होडेकर चाचांना बोलावलं ते लाकूड ओळखायला.
वय त्र्याऐंशी. शेवटचा मचवा बांधला त्याला तीस वर्षं झाली,
आता मुलगा फायबरच्या होड्या रंगवतो.
किती जुनी, हे त्यांनी विचारलं नाही.
नख लावलं, वास घेतला.
“साग. हा ऐन.
आणि हे ठिगळ फणसाचं. वाटेत केलेलं, घाईत.”
मग शिवणीवरून फिरणारं बोट थांबलं.
“बाई, हा माणूस डावरा होता.”

तीन अमावास्या मी ते टाके काढत होते.
प्रत्येकाचा कोन लिहिला होता.
उलटा झुकाव दिसला होता मला,
हात दिसला नव्हता.

नाळ फक्त वीतभर उरली आहे.
नावेच्या पुढल्या टोकाला नाळ म्हणतात
हे मी पुस्तकात शिकले.
चाचा म्हणाले, नाळ बसली की मालक आम्हाला कापड द्यायचा,
सुईणीला देतात तसं.

जतनाला पैसे नाहीत.
पत्र आलं, दोन ओळींचं.
मग परत पुरायचं ठरलं:
वाळूच्या गोणी, वर जाळी, वर चिखल,
तिच्या सवयीचा अंधार.
वाळू सुदामनंच आणली,
भाव मात्र नेहमीचाच लावला.

शेवटच्या ओहोटीला गोणपाट उचललं.
एक्केचाळिसाव्या भोकात,
जे काल सकाळी रिकामं होतं,
पिवळाधमक काथ्या.
उंडीच्या तेलाचा वास.
टाका डावीकडे झुकलेला.
आणि चाचांचा हात तर उजवा,
वाकस धरताना पाहिलाय मी.

सर पलीकडे फोनवर होते.
नियमानं तो कापायला हवा होता.
पाणी पोटऱ्यांना लागलं, मग गुडघ्यांना.
मी पेन्सिल जिभेला लावली, रकाना भरला:

टाका ४१. काथ्या, नवा.
काळ: काल संध्याकाळ.
शेरा: घट्ट आहे.
ओढून पाहिला.